किती ओझं घ्यायचं?

ऑक्टोबर लागला की आम्हा श्रूजबरीकरांना पानगळीच्या रंगांचे वेध लागतात. १९९६ साली आई भारतातून आल्या, तेव्हा आम्ही त्यांना वाचुसेट डोंगरावर नेलं. उंची २,००६ फूट, पण माथ्यापर्यंत मोटार जाते; म्हणून सामानात काटकसर केली नाही. कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, छत्तीस फोटोंचे सहा रोल!

वर पोचल्यावर आम्ही लेन्स बदलण्यात गर्क. तेवढ्यात साडीवर स्वेटर घातलेल्या आईंनी मेपलचं एक लालभडक पान उचललं, पदराने पुसलं आणि नातीच्या केसांत खोवलं. आमच्या कॅमेऱ्याला त्या घडीला लेन्सच नव्हती. "आई, पुन्हा करा ना!" म्हटलं. त्यांनी केलंही, पण कॅमेऱ्याकडे बघत. २१६ फोटोंची सोय होती, हवा होता तो एकच निसटला.

आई आता नाहीत. भिंतीवर तो दुसरा फोटो आहे.

तेव्हापासून निघण्यापूर्वी आम्ही ठरवतो, आज कशाचे फोटो? सप्टेंबरात वाचुसेटवरून जाणारे शिकारी पक्षी टिपायचे तर लांब पल्ल्याची लेन्स हवीच. क्विन्सिगमंड तळ्यावरच्या संध्याकाळीला ट्रायपॉड हवा. घरची माणसं असतील तर मात्र ५० मिमीची एकच लेन्स; माणसं मावत नसतील तर आपणच दोन पावलं मागे सरावं. आता तर खिशातला फोनही पुरतो.

यंदा ज्यांचे आईवडील येणार आहेत, त्यांनी बॅग भरताना एवढं आठवावं.