कळंबची कॉफी आणि जाऊबाईंच्या पाटल्या

आमच्या कळंबच्या स्टँडवर उतरलं की चहाला तोटा नाही. साधा, स्पेशल, गुळाचा, काय म्हणाल तो! शेजारी भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या, कुंथलगिरीचा पेढा तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. म्हणजे दुधाचीही वाण नाही. पण कॉफी? ती आमच्याकडे दोनदाच प्यायची. एकदा उपासाला, नाहीतर लग्नात. लग्नातल्या त्या स्टीलच्या यंत्रातून फुर्र फुर्र वाफ निघायची, दुधाला हा एवढा फेस यायचा, वर चिमूटभर कोको. तिलाच आम्ही 'एस्प्रेसो' म्हणत आलो!

त्यामुळे धाकटे भाऊजी एका रात्री जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, स्टँडजवळच्या गाळ्यात कॉफीचं दुकान टाकतो. खऱ्या इटालियन मशीनवरची," तेव्हा सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"कडू पाणी प्यायला कळंबात कोण येतंय रे?"

पण भाऊजींचं ठरलं होतं. पुण्यात चार वर्षं हॉटेलात काम केलेलं. नव्या मशीनचा भाव काढला, तो साडेतीन लाखांच्या घरात. म्हणून जुनं घ्यायचं. आणि पैसे? माझ्या धाकट्या जाऊबाईंनी काही न बोलता पाटल्या काढून ठेवल्या. माहेरच्या. दुसऱ्या दिवशी त्या पतपेढीत गेल्या.

खरं सांगते, तेव्हापासून मला झोप लागेना. कारण पहिला फटका आधीच बसला होता. मोबाइलवर फोटो बघून भाऊजींनी परगावच्या एका व्यापाऱ्याला दहा हजार विसार पाठवला होता. मशीन ऐंशी हजारांना, बाहेरून आरशासारखं लख्ख. हे बघायला गेले, तर तो म्हणाला, "आज लाइट नाही." दुसऱ्यांदा गेले तरी नाहीच! शेवटी मागचं झाकण उघडून पाहिलं, तर आतल्या नळ्या पांढऱ्या क्षाराने गच्च भरलेल्या. विसार बुडाला तो बुडालाच.

पुढच्या खेपेला मी म्हटलं, "आम्ही दोघी जावा येतो." शाळेला दोन दिवसांची रजा टाकली आणि पहाटेची एस.टी. धरली. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा भाऊजीच महागात पडले!

येरमाळ्याला येडाईच्या डोंगराला हात जोडले. चैत्री यात्रेत इथे लाखो माणसं चुनखडी वेचतात. जाऊबाई एकदम म्हणाल्या, "ताई, त्या मशीनच्या नळ्यांत हीच की हो साचते!" अगदी बरोबर. आपल्या बंबात, इस्त्रीत, पाण्याच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो ना, तोच. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे या शत्रूची ओळख आम्हाला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून!

बार्शीला गाडी थांबली तशी सासूबाईंची आठवण झाली. त्या लहानपणी बार्शीहून पंढरपूरला छोट्या आगगाडीने जायच्या. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे. आता तिथे मोठे रूळ आले. पण गंमत बघा, इकडे ती वाफेची गाडी धावू लागली आणि तिकडे इटलीत वाफेवर कॉफी करण्याची खटपट त्याच काळात चाललेली. तुरिनच्या आंजेलो मोरियोंदोने १८८४ साली तसल्या यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ साली ते सुधारलं. पुढे गाज्जियाने वाफेऐवजी दाब वापरला आणि कॉफीवर ती सोनेरी साय आली. १९६१ साली फाएमा कंपनीने यंत्राला विजेचा पंप बसवला. आजची यंत्रं त्याच घराण्यातली. तापलेलं पाणी हवेच्या नऊपट दाबाने कॉफीच्या पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पण तो दाब आणि ती उष्णता दिवसभर एकसारखी राखायची, म्हणूनच ते इतकं महाग.

कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत, भिगवणजवळ उजनीचं पाणी बघत दुपारी पुण्यात पोचलो.

कॅफे एका गल्लीत होता. खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. मालकीण माझ्याच वयाची असेल. २०२१ साली मोठ्या हौसेने दुकान काढलं, पण भाडं परवडेना. महिनाअखेर गाळा रिकामा करून द्यायचा होता. मशीन तिने आमच्या येण्याआधीच चालू करून ठेवलं होतं. मला तिथेच बरं वाटलं. लपवायचं असतं तर गार ठेवलं असतं.

भाऊजींनी ओळखीचा मेकॅनिक आणला होता. त्याने काय काय पाहिलं, ते मी वहीत टिपून घेतलं. तुम्हालाही उपयोगी पडेल. आधी मागची पाटी, त्यावर बनावटीचं साल. २०१८. मग दाबाचा काटा, कॉफी उतरत असताना तो नऊवर स्थिर हवा. मग एकामागून एक पाच-सहा कप काढायचे. पहिला कप सगळ्याच मशीनचा चांगला येतो, पाचवा खरं बोलतो! मुठीच्या वरची रबरी कडी कडक झालीय का, वाफेची नळी जोरात चालते का, खाली कुठे ठिबकतंय का. आणि शेवटी झाकण काढून नळ्यांत चुनखडी किती. आपल्या गावात जोडणीला विजेचा लोड पुरेल का आणि सुटे भाग कुठे मिळतात, हे घरून निघतानाच विचारायचं.

थर थोडा होता. रबरी कड्या बदलायला झालेल्या. बाकी मशीन ठणठणीत.

तिने दीड लाख सांगितले. भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, नव्वदवर अडून बसू. महिनाअखेर जवळ आलीय, देईल ती."

देईलही! मला ते कळत होतं. आमचेही दहा हजार बुडाले होते, पाटल्या पतपेढीत होत्या. नव्वद हजारांत मिळालं असतं तर कुणाला नको? पण मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावर हात फिरवत होत्या आणि मालकीण त्यांना सांगत होती, "हे टेबल मी स्वतः रंगवलं होतं." आमच्या सासूबाई नेहमी म्हणतात, दुसऱ्याच्या अडचणीत घेतलेली वस्तू घरात लाभत नाही. ते खरं की खोटं, देव जाणे. पण त्या क्षणी मला ते पटलं.

मी वहीचं पान फाडलं आणि तिच्यासमोरच हिशोब मांडला. दुरुस्ती आणि आतली सफाई अठरा हजार, टेम्पो सहा हजार, पाण्याची गाळणी आठ हजार. दीड लाखातून बत्तीस हजार गेले, उरले एक लाख अठरा. कागद तिच्यापुढे सरकवला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "आजवर सगळ्यांनी फक्त आकडा सांगितला. का, ते कुणी नाही सांगितलं." आणि कॉफी दळायचा ग्राइंडर तिने त्याच पैशांत दिला. तो नसता तर आम्हाला पुन्हा मोठा खर्च होता. घाईत आम्ही ते विसरूनच गेलो होतो!

एवढ्यावर थांबली नाही बाई. दोन तास उभं राहून तिने जाऊबाईंना शिकवलं. पूड किती बारीक, किती दाबायची, दुधाचा फेस कधी थांबवायचा. शेवटी जाऊबाईंनी स्वतः एक कप काढला. तिने चाखला, मान हलवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आम्हीही गप्पच होतो.

दुकान सुरू होऊन आता आठ महिने झाले. मशीनवर जाऊबाईच असतात, भाऊजी गल्ल्यावर. गाळून घेतलेल्या पाण्याशिवाय त्या थेंब घालू देत नाहीत. रोज दुकान मिटताना मुठी धुणं, वाफेची नळी पुसणं, अगदी देव्हाऱ्यासारखं! गिऱ्हाईक कॉलेजची मुलं, बँकेतले साहेब, आडतीवर आलेले दोन-चार शेतकरी. शेतकऱ्यांना साखर जास्त लागते. सोयाबीनचे भाव पडले की आमचाही गल्ला पडतो. एक पाटली सुटली, एक अजून पतपेढीत आहे. पुण्याच्या मैत्रिणीचा दर रविवारी फोन येतो. "पाचवा कप कसा येतोय?" हा तिचा पहिला प्रश्न.

आणि सासूबाई? पहिल्या दिवशी त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "कडूच आहे गं. पण वास मोठा छान." हल्ली संध्याकाळी देवळातून येताना त्यांची पावलं आपोआप गाळ्याकडे वळतात. वास घ्यायला हो!