झोपलेल्या बाळाला उठवताना

सतत झोपणाऱ्या बाळाला आमच्याकडे ‘शहाणं बाळ’ म्हणतात. आमची मुलगी तेहतिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन 1,700 ग्रॅम. दोन आठवड्यांनी घरी आली ती डॉक्टरांची ताकीद घेऊनच: दर दोन तासांनी उठवून दूध पाजा, रात्रीसुद्धा. तिच्या दादीला हे पटेना. झोपेतच लेकरू वाढतं, त्याला कशाला छळायचं?

दादीचं चुकीचं नव्हतं, पण ते भरल्या अंगाच्या बाळांचं झालं. पोटातलं मूल शेवटच्या आठवड्यांत अंगावर चरबी धरतं, यकृतात साखर साठवतं. लवकर आलेल्याची ही शिदोरी अर्धवट राहते. दूध लांबलं की रक्तातली साखर उतरते. साखर उतरली की बाळ सुस्तावतं. सुस्तावलं की चोखत नाही. भूक लागली म्हणून रडायलाही ताकद लागते. हे समजल्यावर दादीने पहाटेची पाळी स्वतःकडे घेतली. तहज्जुदला ती उठतेच, नमाज झाली की बाळाच्या तळव्यांना गुदगुल्या करून तिला जागं करायची.

दूध पिणं ही या जीवांची मोठी मेहनत. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं, या तिन्हींचा मेळ साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. घोट गिळताना श्वास क्षणभर थांबतोच. म्हणून दवाखान्यात आधी नळीने, मग वाटी-चमच्याने आणि शेवटी अंगावर, असं दूध सुरू झालं. पिताना दमली की आम्ही थांबायचो, तिला श्वास घेऊ द्यायचो.

झोपेतला श्वास मात्र आमचीच झोप उडवायचा. पाच-दहा सेकंद छाती हलायची नाही, मग भराभर श्वास. पापण्यांखाली डोळे फिरायचे, मध्येच हसू. फरिश्ते हसवतात, असं दादी म्हणायची. डॉक्टर म्हणाले, नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशी चंचल असते आणि तिच्यात श्वास वरखाली होतो. पण तो वीस सेकंद थांबला, किंवा त्याआधीच बाळ निळं वा लुळं पडलं, तर तळवा चोळून जागं करायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. भरती असताना यासाठी तिला कॅफिन दिलं होतं, चहा-कॉफीत असतं तेच. ‘मग चहाच पाजा की!’ असं मामू म्हणाले. अर्थात ते औषध डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलं होतं.

उरली ऊब. एवढंसं बाळ थंडीने कुडकुडत नाही, आतली चरबी जाळून अंग गरम ठेवतं. त्यात प्राणवायू आणि साखर दोन्ही जास्त खर्च होतात, मग वजन कशाने वाढणार? बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आई-बापाच्या अंगाच्या उबेत श्वासही संथ राहतो, दूधही उतरतं. आम्ही पाळ्या लावल्या.

अकीका सातव्याऐवजी एकविसाव्या दिवशी केला, तोही घरच्या घरी. भेटायला आलेल्या खाला पाळण्यात डोकावून विचारू लागल्या, ‘बच्ची कुठंय?’ ती अब्बांच्या कुर्त्याच्या आत होती, टोपीचं टोक तेवढं बाहेर.