कैद्याची संमती

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत प्लेग उघडकीला आला आणि मुंबईतून माणसांचे लोंढे गावाकडे निघाले. वाल्देमार हाफकिन त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस सिद्ध करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. येथवर कथा सरळ आहे: ज्याची लस, त्याचाच देह.

अवघड आहे ते पुढचे. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी पुढे आले त्यांना लस टोचली गेली, उरलेले तुलनेसाठी. मृत्यू मुख्यत्वे या उरलेल्यांत झाले. पुढे आलेल्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. मराठीत हा शब्द सभामंडपातल्या बिल्लेवाल्या तरुणाचा. त्याला वाटेल तेव्हा घरी परतता येते. कोठडीतला माणूस दंड पुढे करतो तेव्हा त्यात धैर्य किती आणि निरुपाय किती? धैर्य नव्हतेच असे म्हणणे मात्र त्यांच्यावर दुसरा अन्याय होय; बाहेरच्या मोकळ्या शहरातही त्या सुईचे भय होतेच.

स्वेच्छासंमतीला पहिले कलम मिळाले ते १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे कैद्यांना विशेष संरक्षणाच्या वर्गात घालतात. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव दिले गेले; भायखळ्याचे कैदी अहवालांतल्या कोष्टकांत आहेत, आकड्यांच्या रूपाने.