तेरा मात्रांचे सोपे गाणे

‘सोपे झाले’ हे शब्द आपण टीकाव्यवहारात किती सहजपणे दूषण म्हणून वापरतो! ‘जेनेसिस’ या ब्रिटिश रॉक बँडविषयी मी ते अनेक वर्षे वापरले. आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

शाळेत असताना मावसभावाने, म्हणजे दादाने, मला ‘इन्व्हिजिबल टच’ (१९८६) या ध्वनिमुद्रिकेची कॅसेट ऐकवली होती. इंग्रजी गाण्यांचे दार माझ्यासाठी त्यानेच उघडले. पुढे एम. ए. करताना वसतिगृहातल्या एका मित्राकडे ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) ऐकायला मिळाली. तीत ‘सपर्स रेडी’ ही सात भागांची, सुमारे तेवीस मिनिटांची रचना आहे. मर्ढेकर वाचण्याचे, दुर्बोधतेच्या वादात हिरिरीने उतरण्याचे ते दिवस. जे चटकन कळत नाही ते खोल, असे एक सोयीस्कर समीकरण मनात तयार झालेले. सुट्टीत घरी गेल्यावर मी दादाला सुनावले, “तू ऐकतोस ते जेनेसिस नव्हेच, बाजारू माल आहे तो.” तो नुसता हसला.

माझ्याजवळ तेव्हा एक तयार कथा होती. पीटर गॅब्रिएल १९७५मध्ये बँड सोडून गेला, ड्रम्स वाजवणारा फिल कॉलिन्स गायक झाला, १९७७मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेटही गेला आणि उरलेल्या तिघांनी लोकप्रियतेपुढे मान तुकवली. कथा सुटसुटीत होती. सर्व दोष कॉलिन्सच्या माथी मारण्याची सोय तीत होती. परंतु कालक्रम लावून ऐकू लागल्यावर ती टिकेना. गॅब्रिएल गेल्यानंतरची ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ (१९७६) पूर्वीच्याच वळणाची आहे. ‘फॉलो यू फॉलो मी’ (१९७८) या साध्या प्रेमगीताचे शब्द कॉलिन्सचे नसून माइक रदरफर्डचे आहेत. आणि १९८६च्या जुलैमध्ये अमेरिकेत ‘इन्व्हिजिबल टच’ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले ते खुद्द गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने. म्हणजे सोपेपणाकडे दोघेही निघाले होते, वाटा तेवढ्या वेगळ्या.

या स्थित्यंतराचा खरा सांधा मला ‘ड्यूक’ (१९८०) या ध्वनिमुद्रिकेत सापडतो. तीतली सहा गाणी मुळात सुमारे अर्ध्या तासाची एक सलग रचना म्हणून योजलेली होती. ‘सपर्स रेडी’शी तुलना टाळावी, हा ती तोडून विखुरण्यामागचा एक हेतू होता. त्या तुकड्यांपैकीच एक ‘टर्न इट ऑन अगेन’. हे गाणे ब्रिटनमध्ये भरपूर खपले, रेडिओवर वाजले. आणि त्याचा बराचसा भाग तेरा मात्रांच्या आवर्तनात आहे, सहा अधिक सात. टाळी धरू गेल्यास हात चुकतो. ऐकताना मात्र काही अडत नाही. अवघडपण येथे नाहीसे झालेले नाही, त्याने मिरवणे तेवढे सोडले आहे.

याचा अर्थ काहीच गमावले नाही, असा नव्हे. जुन्या रचनांमधली सोंगे, विक्षिप्त विनोद, पुढच्या वळणावर काय भेटेल याची हुरहुर हे सारे ‘इन्व्हिजिबल टच’मध्ये फारसे उरले नाही. जवळजवळ अकरा मिनिटांचे ‘डॉमिनो’ तीत आहे. पण ते बहुधा जुन्या घराच्या आठवणीसारखे येते. अवघडपण पचवून आलेले सोपेपण आणि अवघडपण टाळून आलेले सोपेपण यांत फरक करायलाच हवा. मी तो केला नाही. दोन्हींना एकाच काठीने हाकलले.

मध्यंतरी दादाकडे गेलो असता त्याला ‘टर्न इट ऑन अगेन’ ऐकवले आणि तेरा मात्रांचे गुपित प्राध्यापकी थाटात सांगितले. तो टेबलावर बोटे वाजवत होता. समेवर नेमका येत होता. म्हणाला, “मोजायचं कशाला? कुठं वळायचं ते गाणंच सांगतंय की.” मी जुन्या उद्धटपणाविषयी काही बोलू लागलो, तेव्हा तो सहज म्हणून गेला, “तू तसं म्हणालास ना, त्यानंतर मी ती कॅसेट लावलीच नाही. वाटलं, आपल्याला कळत नसेल.”

त्या ‘नसेल’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हल्ली वर्गात एखादा विद्यार्थी चाचरत एखाद्या सोप्या, लोकप्रिय कवीचे नाव घेतो, तेव्हा ओठांवर आलेले मत मी क्षणभर मागे ठेवतो. आधी विचारतो, “त्यातली कोणती कविता? वाचून दाखव.”