पोहरा मी ओढून देतो

पावसाळ्यात मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची पोटं आमच्याकडे हमखास बिघडत. त्यावर आमचं उत्तर ठरलेलं असे: शहरातल्या माणसांना पाणी बाधलं. आम्हाला कसं काही होत नाही? खरं तर आम्हालाही होई, पण त्याचा दोष आम्ही फणसाच्या गऱ्यांवर किंवा बदलत्या हवेवर टाकत असू. विहिरीवर संशय घेण्याची घरात पद्धतच नव्हती. पणजोबांनी जांभा फोडून खणलेली, मे महिन्यातही न आटणारी विहीर. पाणी गोड आणि इतकं नितळ की तळ दिसतो. आणखी काय तपासायचं, असं मी चारचौघांत ठासून सांगत आलो.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायला शिकवून किट दिली गेली. तशी एक जण आमच्या दारात आली. तिच्या आजीला आमच्या विहिरीत पोहरा सोडायची मुभा नव्हती. ती कळशी घेऊन लांब उभी राही आणि आमच्यातलं कुणीतरी वरून पाणी ओती. लहानपणी हे मी पाहिलेलं आहे. आता तिची नात रहाटाकडे वळली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब, पोहरा मी ओढून देतो."

त्या क्षणी मला ते सौजन्य वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटेना. मी इतिहासाचा शिक्षक. 1927 साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, मग सनातन्यांनी त्यात पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं, हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं! पाणी शुद्ध करायला शेण, असं म्हणून मुलांना हसवलंही. आणि माझा हात मात्र दोराकडे आपोआप गेला.

तिने पाणी एका छोट्या बाटलीत भरलं. आत पिवळसर औषध होतं. विष्ठेतले जंतू असले तर ते काळं पडतं, दिवसभर घरातच ठेवा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली शाईसारखी काळी झाली होती.

मी काय म्हणालो असेन? बाटली जुनी असेल, म्हणालो. तिने वाद घातला नाही. दोन नव्या बाटल्या घेऊन आली. एकीत उकळून गार केलेलं पाणी, दुसरीत विहिरीचं. "काका, दोन्ही तुम्हीच भरा," ती म्हणाली, "माझा हात नको."

नंतर शंका नको, एवढंच तिला म्हणायचं असेल. आणखीही काही असेल. विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी दोन्ही भरल्या, झाकणं लावली, फडताळात ठेवल्या. उकळलेल्या पाण्याची पिवळीच राहिली. आमच्या विहिरीची, माझ्या हातांनी भरलेली, काळी.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. जुना संडास परसाच्या टोकाला होता. घरात नवा बांधताना गवंड्याने शोषखड्डा स्वयंपाकघरामागे घेतला, विहिरीपासून जेमतेम तीस फुटांवर, आणि मी मान डोलावली. जांभा भोकाभोकांचा दगड. पावसात विहीर वर येते, जमीन भरून जाते आणि खड्ड्यातलं पाणी गाळलं न जाता तसंच विहिरीकडे चालत येतं. दोराला कुणाचा हात लागतो यावर ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या डोळा ठेवला, त्याने स्वतःचा संडास विहिरीच्या उशाला आणून ठेवला होता.

मग घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो. तालुक्याच्या दुकानातून एक विक्रेता बोलावला. त्याने दोन सळयांचं यंत्र ग्लासात बुडवून वीज सोडली. आमचं पाणी मळकट तपकिरी झालं, त्याच्या आरओचं स्वच्छ राहिलं. मी चेक लिहायला बसलो होतो. पत्नी म्हणाली, आधी जिल्ह्याला भूजलच्या प्रयोगशाळेत देऊन बघा. अहवालात विरघळलेले क्षार लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत चालतात. नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत. ई-कोलाय मात्र होता, आणि तो शंभर मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी सळयांचा खेळही उलगडून दाखवला. तो तपकिरी गाळ लोखंडाच्या सळईचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. चिमूटभर मीठ घाला, तेही तसंच होईल.

आरओ आमच्याकडे नसलेले क्षार काढत बसला असता आणि एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडले असते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावात तोच कामाचा. तिथे यूव्ही काही करत नाही, आणि पाणी उकळलं तर फ्लोराइड उलट दाट होतं. आम्हाला जंतू मारायचे होते. शोषखड्डा उताराच्या बाजूला लांब हलवला, विहिरीभोवती ओटा बांधला. टीसीएल पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम या मापाने बादलीत कालवून, वरचं निवळलेलं पाणी विहिरीत सोडतो. स्वयंपाकघरात गाळ अडवणारा फिल्टर आणि त्यापुढे यूव्ही बसवला. वीज गेली की यूव्ही निव्वळ शोभेचा, आणि पावसात ती जातेच, तेव्हा पातेलं चुलीवर चढतं. क्लोरीनचा वास पहिले काही दिवस नकोसा वाटला. अजूनही पूर्ण आवडत नाही.

तपासणीला ती बाई पावसाळ्याआधी आणि नंतर येते. पोहरा ती ओढते.

तुमच्याकडे विहीर असेल तर यंत्र घेण्याआधी अहवाल घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतलं पाणी त्यासाठी चालत नाही.