पायाशी

कुत्रा पाळणारी माणसं दोन प्रकारची असतात. कुत्र्याला काय काय येतं ते पाहुण्यांना दाखवणारी, आणि कुत्र्याला काहीच येत नाही हे पाहुण्यांपासून लपवणारी. मी तिसऱ्याच, फार थोड्या लोकांच्या जातीत मोडतो. मी माझ्या कुत्र्याला परीक्षेला बसवतो.

कुत्रा म्हणजे आमचा मोत्या. जात लॅब्रॅडॉर, रंग कोळशाचा, नाव मात्र मोत्या. लहानपणी आमच्या वाड्याच्या दारात बसणाऱ्या कुत्र्याचं नाव तेच होतं, आणि न्यू जर्सीत बिऱ्हाड केलं म्हणून कुत्र्यांची नावं बदलावीत असं मला कधी वाटलं नाही. पुण्याहून पाहुणे आले की हटकून विचारतात, "काय करून दाखवतो हा? हात देतो? वर्तमानपत्र आणतो?"

मी सांगतो, "माझ्या डाव्या पायाशी चालतो."

पाहुणे क्षणभर वाट पाहतात. पुढं काहीच येत नाही असं दिसल्यावर म्हणतात, "एवढंच?"

एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीची अमेरिकेत रीतसर परीक्षा असते. हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या एका बाईंकडे पूडल जातीचे कुत्रे होते. पूडल म्हणजे केस कातरून मिरवायचं शोभेचं जनावर, असा लोकांचा समज. तो खोटा पाडण्यासाठी बाईंनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को गावी आठ कुत्र्यांची परीक्षा घेतली. १९३६ साली अमेरिकन केनेल क्लबनं तिचे नियम मान्य केले, आणि ती परीक्षा आजतागायत चालू आहे. पहिल्या इयत्तेला एकूण गुण २००, पास व्हायला १७० हवेत, शिवाय प्रत्येक विषयात निम्म्याहून अधिक. असं तीनदा पास झालं की पदवी. आमच्या वेळच्या शालान्त परीक्षेला हा नियम लावला असता, तर आमच्या आळीतून कॉलेजात कोण गेलं असतं कोण जाणे!

विषय दिसायला सोपे. साखळी काढून मालकाच्या डाव्या गुडघ्याशी चालायचं. परीक्षकानं सांगितलं की हळू, सांगितलं की जलद. मालक थांबला की कुत्र्यानं न सांगता बसायचं. तीस फुटांवरून एका हाकेत येऊन समोर बसायचं. परीक्षकाचे हुकूम इंग्रजीत, माझे मराठीत. "पायाशी!" म्हटलं की मोत्या डाव्या बाजूला येतो. परसात हे सारं त्याला लीलया जमतं.

रिंगणाची गोष्ट वेगळी. तिथं खाऊ न्यायला बंदी, चेंडू न्यायला बंदी. आज्ञा द्यायची ती एकदाच; फार तर तिच्या आधी नाव घ्यावं. पुन्हा सांगाल तर गुण गेले. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रिंगणात मागं धावायला परवानगी नाही, आणि तूप तर नाहीच नाही!

मग कुत्र्याला आपल्याशी बांधून ठेवतं ते काय? आम्हांला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी मला एकही हुकूम देऊ दिला नाही. म्हणाल्या, "नुसते उभे राहा. तो आपणहून तुमच्याकडे पाहील, तेव्हा शाबासकी द्या." मोत्यानं आधी गवत हुंगलं, मग आभाळ न्याहाळलं, मग शेजारच्या कुत्रीला न्याहाळलं. सगळं जग पाहून झाल्यावर त्याला माझी आठवण झाली. "शाब्बास!" त्या दिवसाचा अभ्यास तेवढाच.

पुढं खाऊ हळूहळू लांबवत नेला. आधी एका नजरेला एक तुकडा, मग दहा पावलांना एक, मग साऱ्या फेरीला एक. शेवटी डबा रिंगणाबाहेरच्या खुर्चीवर. दोन विषयांच्या मध्ये थोडा मोकळा वेळ मिळतो. तेवढ्यात बोलता येतं, पाठ थोपटता येते. पुष्कळ मालक त्या वेळात परीक्षकाच्या हातातला कागद चोरून पाहतात. आमच्या बाई म्हणत, "तो वेळ कुत्र्याचा आहे."

शास्त्रज्ञांनीही या नजरेची दखल घेतली आहे. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की कुत्रा आणि मालक बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिले, तर दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्यातल्या मायेशी ज्याचा संबंध आहे तेच हे द्रव्य. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं आढळलं नाही. २०१९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्यांचे आणि मालकांचे केस तपासले. मालकाच्या केसांत ताणाचं द्रव्य जास्त, तर कुत्र्याच्याही केसांत जास्त! स्पर्धेत उतरणाऱ्या जोड्यांत तर हे नातं अधिकच घट्ट. म्हणजे साखळी काढली तरी आणखी एक दोरी उरतेच, आणि तिच्यावरून प्रेम जातं तशी धास्तीही जाते.

मोत्याच्या तिसऱ्या परीक्षेत, साखळीविना चालण्याच्या विषयात, रिंगणाबाहेर लोखंडी खुर्ची धाडकन पडली. मोत्या थबकला. मान तिकडे वळवून उभा राहिला. मला बोलता येत नव्हतं. मागं वळून पाहिलं असतं, तर मागं पाहण्याजोगं काही आहे असंच त्याला वाटलं असतं. खांदे सैल, पावलं तीच ठेवून मी चालत राहिलो. एक पाऊल, दोन, तीन. डाव्या गुडघ्याशेजारची हातभर जागा रिकामी असली की केवढी मोठी वाटते! चौथ्या पावलाला तिथं ऊन श्वास लागला. मोत्या वर, माझ्या तोंडाकडे पाहत चालला होता.

सौ. बाहेर उभी होती. नंतर म्हणाली, "अहो, मी डोळेच मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तो होता."

गुण कापले गेले, पण पास झालो. मिळालेली हिरवी फीत मोत्यानं हुंगली, खाण्याजोगी नाही अशी खात्री करून घेतली आणि खुर्चीवरच्या डब्याची चौकशी केली.

आता तो अकरा वर्षांचा आहे. तोंडाभोवती केस पांढरे झाले; उशिरा का होईना, नाव सार्थ झालं. कान गेले. "पायाशी" म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. पण फिरायला निघालो की तो आपणहून डाव्या बाजूला येतो, आणि दर चार-सहा पावलांनी मान वर करून मी आहे ना ते पाहून घेतो. मीही पाहतो. संध्याकाळी आम्ही दोघं हळू चालतो. हळू चाला, असं आता कुणाला सांगावं लागत नाही.