परसातली भाजी : आधी ताटाचा हिशेब, मग वाफ्याचा

'भाज्या जास्त खा' हे वाक्य मी गेली पंचवीसेक वर्षं रोज कुणाला तरी सांगतो आहे. समोरच्याची मान हलते, ताट मात्र सहसा बदलत नाही. हल्ली निवृत्त झालेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले बरेचजण विचारतात, "डॉक्टर, घरामागे थोडी जागा आहे, भाजी लावू का?" जरूर लावा. मीही दहा बाय दहा फुटांत लावतो. फक्त बी आणण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

ताट : प्रौढ माणसाने दिवसाला भाज्या आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम खावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाटा त्यात धरत नाहीत. चौघांच्या घराला हे दीड किलोच्या वर जातं. एवढं छोट्या परसातून रोज निघत नाही, म्हणून मंडईला रामराम ठोकायचं मनात आणू नका. कांदा, कोबी, भोपळा टिकतात. ते विकतच घ्या. आपल्या वाफ्यात लवकर सुकणाऱ्या आणि म्हणूनच ताटात कमी येणाऱ्या भाज्या लावा : मेथी, पालक, लाल माठ, कोथिंबीर. जोडीला टोमॅटो, मिरची, वांगी यांची दोन-तीन रोपं, थोडी भेंडी-गवार आणि एखादा वेल.

जागा : सहा तास तरी ऊन हवं. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला की आत पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही. वेलाचा मांडव उत्तरेकडे घाला, म्हणजे त्याची सावली बाकीच्या रोपांवर पडत नाही. गुडघे दुखत असतील तर बसायला छोटं स्टूल घ्या, किंवा पालेभाज्या उंचावर ठेवलेल्या कुंड्यांत लावा.

वेळ : नवखे लोक मेथीचं पाकीट एकाच दिवशी संपवतात. महिनाभराने सगळी मेथी एकदम तयार होते, निम्मी शेजारी जाते आणि पुढचा महिना वाफा रिकामा राहतो. त्याऐवजी दर दहा-बारा दिवसांनी हातभर पट्टा पेरा. गोळीचंही असंच असतं ना? महिन्याच्या गोळ्या आपण एका दिवशी घेत नाही. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, काकडी. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर. टोमॅटो, मिरची आणि वांगी एकाच कुळातली, त्यांचे रोगही बरेचसे सारखे. म्हणून पुढच्या वर्षी त्यांची जागा बदला. तिथे गवार किंवा चवळी लावा. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात.

औषधं : हा भाग बागकामाच्या पुस्तकांत सहसा नसतो, म्हणून नीट वाचा.

- रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल चालू असेल, तर पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. पालेभाजी बंद करू नका; प्रमाण मात्र दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. वाफा बहरला म्हणून अचानक रोज पालक सुरू करू नका.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे, आणि ऑक्झलेटचे खडे होत असतील तर पालकामुळे त्रास वाढू शकतो. आधी विचारा.
- इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी कुदळ मारू नका. खिशात साखर ठेवा. पायाला बधिरपणा असेल तर बूट घातल्याशिवाय मातीत जाऊ नका.
- रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उकिडवं बसून झाल्यावर सावकाश उठा.
- घरचा दुधी किंवा काकडी कडू लागली तर लगेच थुंकून टाका. 'घरचं आहे, वाया कशाला' म्हणून रस पिऊ नका. हा कडूपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही; रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो.
- धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

पहिल्या हंगामात चार-पाचच भाज्या लावा. वाफ्यातून किती किलो निघालं याची नोंद ठेवली नाही तरी चालेल. आठवड्यातल्या किती जेवणांत एक वाटी भाजी जास्त आली, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि पुढच्या तपासणीला जाताना वाफ्याचा तो कागद औषधांच्या यादीसोबत न्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला तुमच्या डॉक्टरांना पाच मिनिटंही लागणार नाहीत.